पहिल्या दहा सेकंदांचा हक्क

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीला दिला जाणारा नियमित आधार थांबवला. वृत्तपत्रांत ही बातमी तंत्रज्ञानाच्या पानावरील एका चौकटीत मावली. ज्या घरांत आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेला एकच लॅपटॉप आहे, त्या घरांसाठी मात्र ती मोठी बातमी होती. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी साधारणपणे आठव्या पिढीपासून सुरू होते. त्याआधीचे यंत्र कितीही धडधाकट असले, तरी नव्या प्रणालीचा अधिकृत दरवाजा त्याला बंद आहे. अशा यंत्राच्या मालकापुढे तीन वाटा उरतात. वाढीव मुदतीतल्या सुरक्षा-सुधारणा घेऊन आणखी एक वर्ष काढणे ही पहिली, नवे यंत्र विकत घेणे ही दुसरी आणि त्याच यंत्रावर लिनक्स बसवणे ही तिसरी.

तिसरी वाट धरणारे अनेक जण विंडोज पुसून टाकत नाहीत. ते तिला राहू देतात आणि शेजारी लिनक्सला जागा करून देतात. मग यंत्र सुरू करताच काळ्या पडद्यावर चार-पाच ओळींची एक यादी उभी राहते आणि कोपऱ्यात सेकंद उलटे मोजले जाऊ लागतात. कोणती प्रणाली सुरू करायची, एवढेच ती विचारते. तिला बूट मेन्यू म्हणतात. बहुतेकांना तो वाटेतला अडथळा वाटतो. पण तिथे थोडे थांबले, तर संगणक कसा जागा होतो आणि त्याला जागे करण्याचा अधिकार कोणाकडे असतो, या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी समजतात.

दिल्लीतील सरोजिनी नगर हे नाव बहुतेकांना तिथल्या कपड्यांच्या बाजारामुळे ठाऊक असते. निर्यातीतून उरलेले, लेबल कापलेले कपडे तिथे ढिगांनी विकले जातात. गिऱ्हाईक घासाघीस करून कपडा घेते आणि तो अंगाबरोबर करून घेण्यासाठी शिंप्याकडे नेते. याच नावाची सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहतही आहे. २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने दिल्लीतील ज्या सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासाला मान्यता दिली, त्यांत ती होती. ३ जानेवारी २०२५ रोजी तिथल्या टाइप-दोन निवासांचे उद्घाटन झाले. २८ मनोरे आणि अडीच हजारांहून अधिक घरे, असा तो प्रकल्प आहे.

अशाच एका घरात विदर्भातून आलेले मराठी कुटुंब राहते. वडील एका मंत्रालयात लिपिक आहेत आणि खात्याअंतर्गत परीक्षेची तयारी करीत आहेत. त्यांचा टंकलेखनाचा सराव विंडोजवरच्या एका प्रोग्रॅमवर चालतो. आई भिशीचा हिशेब ठेवते. आजी गावाकडच्या बहिणीशी व्हिडिओवर बोलते आणि मराठी वर्तमानपत्र मोठ्या अक्षरांत वाचते. मुलगी भौतिकशास्त्राच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि संगणकीय भौतिकीच्या प्रयोगांसाठी तिला लिनक्स लागते. माणसे चार आणि लॅपटॉप एक. नवा घेण्याचा प्रश्न परीक्षेच्या निकालापर्यंत पुढे ढकललेला.

विंडोजचा आधार संपल्यावर मुलीने त्या यंत्रावर डेबियन बसवले. स्थापना निर्विघ्न पार पडली, पण यंत्र पुन्हा सुरू झाले तेव्हा यादीत फक्त डेबियनच्या ओळी होत्या. विंडोजची ओळ नव्हती.

वडिलांनी चष्मा सारखा करून पडदा पाहिला. “अगं, माझी सगळी कागदपत्रं त्यात होती. पीएफची, आजीच्या औषधांची.”

“बाबा, काहीच पुसलेलं नाही. फक्त यादीत नाव नाही.”

“नाव नसलं तर उघडायचं कसं?”

वडिलांचा प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर द्यायचे तर संगणक सुरू होताना नेमके काय घडते, ते पाहावे लागते.

वीजप्रवाह सुरू होतो तेव्हा प्रोसेसरला विंडोज ठाऊक नसते आणि लिनक्सही ठाऊक नसते. तो मदरबोर्डवरच्या चिपमध्ये साठवलेला एक प्रोग्रॅम चालवू लागतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. जुन्या यंत्रांत त्याचे रूप बायोस हे होते, आता यूईएफआय हे आहे. बायोस डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइट्सचा तुकडा वाचत असे. त्यांतले ४४६ बाइट आरंभीच्या सूचनांसाठी, ६४ बाइट डिस्कच्या विभागांच्या नोंदींसाठी आणि शेवटचे दोन खुणेसाठी असत. एवढ्या जागेत संपूर्ण प्रणाली उचलून आणणारा प्रोग्रॅम मावणे शक्य नव्हते, म्हणून तिथे फक्त पुढच्या, मोठ्या प्रोग्रॅमचा ठावठिकाणा ठेवला जाई. यूईएफआयने ही अडचण दूर केली. ते डिस्कवरचा एक स्वतंत्र छोटा विभाग वाचू शकते आणि त्यात प्रत्येक प्रणाली आपापला आरंभक फाईलच्या रूपात ठेवते. कोणता आरंभक आधी चालवायचा, याचा क्रम फर्मवेअरच्या स्मृतीत नोंदलेला असतो.

विंडोजचा आरंभक त्या छोट्या विभागात जागच्या जागी होता. मुलीने यंत्र बंद केले, सुरू होताना फर्मवेअरची निवड-कळ दाबली आणि आलेल्या पडद्यावर विंडोज निवडले. ओळखीचा निळा पडदा आला. वडिलांची कागदपत्रे जशीच्या तशी होती.

तर मग यादीतून नाव का गेले? लिनक्सच्या बहुतेक प्रचलित वितरणांत ही यादी ग्रब नावाचा बूटलोडर दाखवतो. ग्रब म्हणजे ग्रँड युनिफाइड बूटलोडर. हे नाव वाचून भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला महाएकीकरणाचे सिद्धान्त आठवल्यावाचून राहत नाहीत. १९९५ साली एरिक बोलेन हे ग्नू प्रकल्पाचे हर्ड हे कर्नल सुरू करण्याच्या खटपटीत होते. त्यांनी आधी फ्रीबीएसडीचा बूटलोडर बदलून पाहिला. लवकरच त्यांच्या लक्षात आले की तो दुरुस्त करीत बसण्यापेक्षा नवा लिहिणे सोपे आहे. त्यातून ग्रब जन्मला. १९९९ मध्ये गॉर्डन मॅट्झिगकाइट आणि योशिनोरी ओकुजी यांनी त्याला ग्नूचा अधिकृत भाग केले, आणि पुढे नव्याने लिहिलेल्या ग्रबची २.०० ही आवृत्ती २०१२ साली आली.

ग्रबच्या आधी लिलो हा बूटलोडर प्रचलित होता. कर्नल डिस्कवर नेमका कोणत्या जागी आहे, ते लिलो लिहून ठेवत असे. कर्नल बदलला आणि लिलो पुन्हा चालवायचा राहिला, तर यंत्र सुरू होत नसे. ग्रब मात्र डिस्कवरची फाईलव्यवस्था स्वतः वाचतो. शिवाय डिस्कचा विभाग तो क्रमांकाने शोधत नाही, तर त्या विभागाला एकदाच दिलेल्या ओळखक्रमांकाने शोधतो. सरकारी वसाहतीत राहणाऱ्यांना हा फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही. क्वार्टरचा नंबर बदलतो, वसाहतही बदलते, पण कर्मचाऱ्याची सेवापुस्तिका तीच राहते. टपाल नंबरावर पाठवले तर चुकते, माणसाला शोधून दिले तर पोचते.

यादी तयार करताना ग्रब ओएस-प्रोबर या छोट्या प्रोग्रॅमची मदत घेत असे. तो सगळ्या डिस्का धुंडाळतो आणि दुसऱ्या प्रणाली सापडल्या तर त्यांची नावे देतो. अनोळखी डिस्कवरचा मजकूर आपोआप वाचणे सुरक्षेच्या दृष्टीने धोक्याचे असते. म्हणून जून २०२१ मध्ये आलेल्या २.०६ या आवृत्तीपासून ही शोधाशोध मुळातच बंद ठेवली गेली. ज्याला ती हवी आहे, त्याने तसे सांगायचे. त्या घरात स्थापनेच्या घाईत हे सांगायचे राहिले होते.

ते सांगण्याची जागा एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये असते. ईटीसी नावाच्या फोल्डरात डिफॉल्ट नावाचे उपफोल्डर आहे, त्यात ग्रब नावाची ही फाईल. तिच्यातली संबंधित ओळ मजेदार आहे. तिचा शब्दशः अर्थ होतो, “ओएस-प्रोबर बंद करणे : खोटे”. दोन नकार जोडून केलेला हा होकार पहिल्यांदा वाचणाऱ्याला थबकवतो. मुलीने ती ओळ लिहिली, टर्मिनलमध्ये ‘अपडेट-ग्रब’ ही आज्ञा दिली आणि विंडोज यादीत परत आले.

इथे एक बारकावा नवशिक्यांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. सुरुवातीला प्रत्यक्ष वाचली जाते ती फाईल वेगळी असते, ग्रब डॉट सीएफजी नावाची. तिच्यात हाताने बदल करू नयेत, कारण कर्नलची नवी आवृत्ती आली की ती पुन्हा आपोआप लिहिली जाते आणि हाताने केलेले बदल पुसले जातात. आपल्या इच्छा आधीच्या छोट्या फाईलमध्ये लिहायच्या आणि मोठी फाईल आज्ञेने तयार करवून घ्यायची, अशी ही रीत आहे. नुसता प्रयोग करून पाहायचा असेल, तर मेन्यू समोर असताना रोमन ‘ई’ ही कळ दाबावी. निवडलेल्या ओळीमागच्या सूचना उघडतात. तिथे केलेला बदल त्या एका वेळेपुरताच टिकतो आणि पुढच्या वेळी सर्व काही पूर्ववत असते.

विंडोज परत आल्यावर खरा प्रश्न पुढे आला. कोणी काही कळ दाबली नाही, तर दहा सेकंदांनंतर काय सुरू व्हावे?

ग्रबमध्ये याला ‘डिफॉल्ट’ म्हणतात आणि मोजणी शून्यापासून असते. यादीतली पहिली ओळ शून्य, दुसरी एक, अशी. मुलीने काही बदलले नव्हते, म्हणून शून्य, म्हणजे डेबियन, आपोआप सुरू होत असे. पहाटे पाचला वडील सरावाला बसत. चहा ठेवून येईपर्यंत दहा सेकंद उलटलेले असत आणि समोर अनोळखी पडदा असे. ते निमूटपणे यंत्र बंद करून पुन्हा चालू करीत आणि या वेळी पडद्यासमोर बसून राहत. तक्रार त्यांनी केली नाही. आठवड्याने आईने सांगितले तेव्हा मुलीला ते कळले.

तिने पहिला उपाय केला तो ‘सेव्हड’ या पर्यायाचा. मागच्या वेळी जे निवडले, तेच या वेळी आपोआप सुरू होते. एकट्या माणसाच्या यंत्रावर हा पर्याय सोयीचा असतो. चौघांच्या यंत्रावर मात्र त्याचा अर्थ वेगळा होतो. रात्री मुलीने जे निवडले, त्याला पहाटे वडिलांना सामोरे जावे लागते.

दुसरा उपाय तिला भौतिकशास्त्राच्या विद्यार्थिनीला शोभेल असा सुचला. ग्रबमध्ये डेटहुक नावाचे एक उपांग आहे. ते घड्याळ वाचून तास, मिनिटे आणि वार ग्रबच्या हाती देते. ईटीसीमधल्या ग्रब डॉट डी या फोल्डरात ‘४० कस्टम’ ही फाईल आपल्या स्वतःच्या सूचनांसाठी राखलेली असते. तिथे चार ओळी लिहिल्या की पहाटे विंडोज आणि इतर वेळी डेबियन आपोआप सुरू करता येते. तिने त्या लिहिल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला डेबियन उघडले.

कारण शोधताना घड्याळाचे एक जुने दुखणे समोर आले. लॅपटॉपच्या मदरबोर्डवर बॅटरीवर चालणारे एक घड्याळ असते. विंडोज त्यात स्थानिक वेळ लिहिते. लिनक्स सामान्यतः जागतिक प्रमाणवेळ लिहिते. भारतीय प्रमाणवेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. दिल्लीत पहाटेचे पाच वाजतात तेव्हा डेबियनने लावलेल्या घड्याळात आदल्या रात्रीचे साडेअकरा झालेले असतात, आणि ग्रबला दिसते ते हेच घड्याळ. दोन प्रणाली एकत्र ठेवणाऱ्यांना विंडोजमधली वेळ कधी कधी साडेपाच तास मागे दिसते, त्याचेही कारण हेच. लिनक्सलाही स्थानिक वेळ वापरायला सांगून तिने ते दुरुस्त केले आणि योजना बिनचूक चालू लागली.

पंधरा दिवसांनी वडील संकोचून म्हणाले, “हुशारीचं काम केलंस, बाळा. पण रविवारी आठनंतर लावलं तर दुसरंच उघडतं. मला एकदा हे, एकदा ते लक्षात राहत नाही. तू मला एकच काय ते सांग.”

तिने त्या चार ओळी काढून टाकल्या. त्या सगळ्या खटाटोपातला हा सर्वांत चांगला निर्णय होता, कारण चुकीच्या डिफॉल्टची किंमत घरात कोण भरतो, हे तोवर तिला दिसू लागले होते. ज्याला संगणक येतो, त्याला खाली बाण दाबून दुसरी ओळ निवडणे कठीण नसते. ज्याला येत नाही, त्याच्यासाठी डिफॉल्ट हाच एकमेव पर्याय असतो. तिने विंडोजची ओळ डिफॉल्ट केली. ती क्रमांकाने नव्हे, तर नोंदीच्या ओळखनावाने, म्हणजे पुढे यादीत ओळी वाढल्या तरी निवड सरकणार नाही. स्वतःच्या डेबियनसाठी रोज एक कळ दाबायचे तिने कबूल केले.

वेळेचाही विचार असाच झाला. त्या जागी शून्य लिहिले तर मेन्यू दिसतही नाही. उणे एक लिहिले तर कोणी निवड करेपर्यंत यंत्र थांबून राहते. तीन सेकंद मुलीला पुरत होते. आजीला ओळ वाचायलाच त्याहून अधिक वेळ लागे. तिने दहा ठेवले.

आजीसाठी अक्षरे मोठी करायची होती. ग्रब स्वतःच्या स्वरूपातले फॉन्ट वापरतो, आणि नेहमीच्या फॉन्टपासून हव्या त्या आकाराचा फॉन्ट बनवण्याची आज्ञा त्याच्याबरोबरच येते. पार्श्वभूमीला चित्रही लावता येते. मुलीने चित्र लावले नाही, कारण चित्रावर अक्षरे फिकी पडतात. काळ्यावर पांढरी, मोठी अक्षरे राहिली. ‘इनिट ट्यून’ नावाची आणखी एक सोय तिला फाईलमध्ये सापडली. तीन संख्या लिहिल्या की मेन्यू येताच एक स्वर वाजतो. फाईलमधल्या नमुन्यात ४८०, ४४० आणि १ या संख्या आहेत. पहिली लय, दुसरी हर्ट्झमधली कंप्रता, तिसरी स्वराचा काळ. ज्याला पडदा दिसत नाही, त्याला यंत्र आता प्रश्न विचारत आहे हे या स्वरावरून कळू शकते. अंध विद्यार्थ्यांच्या संगणकांवर ही एक ओळ मोलाची ठरावी.

नावे बदलणेही शक्य असते. कर्नलच्या आवृत्तीचे लांबलचक आकडे दाखवण्याऐवजी ‘४० कस्टम’ मध्ये स्वतःच्या शब्दांत ओळी लिहिता येतात. मुलीला ती मराठीत हवी होती, ‘बाबांचे विंडोज’ आणि ‘माझे डेबियन’ अशी. इथे तिला अडखळावे लागले. युनिकोडमध्ये ‘वि’ हे अक्षर साठवताना आधी ‘व’ येतो आणि मग वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी आधी काढावी लागते. जोडाक्षरांत तर दोन-तीन वर्णांचे मिळून एक रूप घडते. ही मांडणी करणारी पूर्ण यंत्रणा मोठ्या प्रणालींत असते. ग्रबसारख्या आटोपशीर प्रोग्रॅमात देवनागरीसाठी ती नाही. भारतीय लिप्यांच्या संगणकीकरणासाठी पुण्याच्या सी-डॅकमधील जिस्ट गटाने वर्षानुवर्षे काम केले. युनिकोडमधला देवनागरीचा क्रमही इस्की या भारतीय मानकावर बेतलेला आहे. तरीही यंत्राच्या पहिल्या दहा सेकंदांत आपली लिपी अजून नीट उमटत नाही. एखाद्या मराठी विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी विषय हवा असेल, तर हा घेण्यासारखा आहे. ग्रबचा सर्व मूळ कोड खुला आहे. त्या घरात तूर्त रोमन लिपीतच ‘बाबा’ आणि ‘लॅब’ अशा दोन ओळी झाल्या.

घराच्या सोयीपुरता विषय इथे संपला असता. पण ज्या मेन्यूत ‘ई’ दाबून सूचना बदलता येतात, तिथे परका माणूसही त्या बदलू शकतो. कर्नलला दिलेल्या सूचनांत थोडा फेरफार केला, तर पासवर्ड न विचारता प्रशासकाचे अधिकार मिळवता येतात. म्हणून महाविद्यालयांतील प्रयोगशाळांत मेन्यूलाच पासवर्ड लावण्याची सोय वापरणे शहाणपणाचे असते. तेवढ्यावरही विसंबून राहू नये. २०१५ साली स्पेनमधील व्हॅलेन्सियाच्या पॉलिटेक्निक विद्यापीठातील दोन संशोधकांनी दाखवून दिले की ग्रबच्या अनेक आवृत्त्यांत वापरकर्त्याच्या नावाच्या जागी बॅकस्पेसची कळ २८ वेळा दाबली की संरक्षण ओलांडता येत होते. चूक एका संख्येच्या मोजणीत होती. ती लगोलग दुरुस्त झाली. माहिती खरोखर जपायची असेल, तर डिस्कच सांकेतिक रूपात ठेवावी लागते. मेन्यूचा पासवर्ड हा त्यापुढचा आणखी एक अडसर.

हाच प्रश्न मोठ्या पटावर ‘सिक्युअर बूट’ या नावाने येतो. यात फर्मवेअर फक्त विश्वासू स्वाक्षरी असलेलाच आरंभक चालवते. बहुतेक संगणकांत कारखान्यातूनच मायक्रोसॉफ्टच्या किल्ल्या भरलेल्या असतात. म्हणून लिनक्सची अनेक वितरणे शिम नावाचा एक छोटा प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टकडून स्वाक्षरी करवून घेतात. फर्मवेअर शिमला ओळखते, शिम ग्रबला ओळखतो, ग्रब कर्नलला. २०२० साली ग्रबमध्ये ‘बूटहोल’ नावाची त्रुटी सापडली, तेव्हा ही साखळी किती नाजूक आहे ते जगभर जाणवले. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा-सुधारणेने जुन्या, सदोष ग्रबला अटकाव केला. दोन प्रणाली असलेल्या यंत्रांना ती लागू होणार नव्हती, पण काहींवर ती लागू झाली आणि तिथले लिनक्स सुरूच होईना. त्यावरचा पक्का उपाय मे २०२५ मधल्या सुधारणेतून आला. शिवाय या स्वाक्षऱ्यांमागची २०११ सालची प्रमाणपत्रे २०२६ मध्ये मुदतबाह्य होतात आणि त्यांची जागा २०२३ ची प्रमाणपत्रे घेतात. दोन प्रणाली ठेवणाऱ्यांनी फर्मवेअर आणि वितरण या दोहोंच्या सुधारणा वेळेवर घ्याव्यात, असे सांगण्याचे कारण हे आहे.

सरोजिनी नगरपासून काही किलोमीटरवर रायसीना टेकडीवर साउथ ब्लॉक आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये बातमी आली की संरक्षण मंत्रालय तिथल्या संगणकांवर विंडोजऐवजी ‘माया’ ही उबुंटूवर आधारलेली, देशात घडवलेली प्रणाली बसवणार आहे. त्याआधी २००७ पासून सी-डॅकची ‘बॉस’ ही लिनक्स-प्रणाली सरकारी वापरासाठी उपलब्ध होतीच. अशा बातम्यांवर एरवी चर्चा होते ती स्वदेशी आणि विदेशी या शब्दांची. सरोजिनी नगरातल्या त्या घराने दाखवलेली गोष्ट तिथेही लागू पडते. प्रणाली बदलणे हे तांत्रिक काम काही महिन्यांत होऊ शकते. ती ज्यांच्या टेबलावर येते, त्या लिपिकांच्या पहाटेच्या सवयी, त्यांच्या भाषेतली अक्षरे, त्यांच्या जुन्या फाइली आणि अडले तर परत जाण्याची वाट यांचा विचार झाला, तरच ती टिकते. सामान्य कर्मचाऱ्याने काही न करता समोर जे उघडते, ते त्याला चालवता आले पाहिजे. हेही खरे की किल्ल्या कोणाच्या, हा प्रश्न सुटल्याशिवाय यंत्रावर आपला पूर्ण हक्क आहे, असे म्हणता येत नाही.

ज्या विद्यार्थ्यांना हा अभ्यास स्वतःच्या यंत्रावर करायचा आहे, त्यांनी आधी चार गोष्टी कराव्यात. महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढावी. विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असेल, तर त्याची पुनर्प्राप्ती-किल्ली कागदावर उतरवून ठेवावी, कारण आरंभाच्या साखळीत बदल झाला की ती मागितली जाऊ शकते. विंडोजमधले ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि तिच्या विभागात लिनक्सवरून लिहिणे धोक्याचे ठरते. शेवटी, लिनक्सचा एक पेनड्राइव्ह तयार ठेवावा. मेन्यू बिघडला, तर त्यावरून यंत्र सुरू करून ग्रब पुन्हा बसवता येतो. मग ती छोटी फाईल उघडावी, प्रत्येक ओळ वाचावी, मूळ फाईलची प्रत ठेवावी आणि एका वेळी एकच बदल करावा.

त्या घरात लॅपटॉपच्या झाकणाच्या आतल्या बाजूला आता एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. यादी दिसली नाही तर कोणती कळ दाबायची, ‘बाबा’ ओळ सापडली नाही तर फर्मवेअरमधून विंडोज कसे उघडायचे आणि पेनड्राइव्ह कोणत्या खणात आहे, एवढे तिच्यावर मराठीत लिहिले आहे. वडिलांनी तिच्याखाली स्वतःच्या अक्षरात आणखी एक ओळ लिहिली आहे : मुलीच्या ‘लॅब’मध्ये जायचे असेल तर खालचा बाण एकदा. गेल्या महिन्यात आजीच्या बहिणीचा फोन आला, तेव्हा मुलगी महाविद्यालयात होती. वडिलांनी तो बाण दाबला आणि डेबियन स्वतः उघडले.